भिंतीवरचे अकरा ठसे

करक, ९ एप्रिल

चिरंजीव नजूद हिस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण अत्यंत गंभीर आहे. बसून वाच.

ईदच्या आधी मी स्वहस्ते, कंबरदुखीला न जुमानता, बागेच्या कुंपणभिंतीला चुन्याचे दोन हात दिले होते. भिंत अशी पांढरी झाली होती की तुझी आई तिच्याकडे डोळे बारीक करून बघायची. सुटी संपवून काल तू अम्मानच्या बसमध्ये बसलीस, मी चहाचा पेला घेऊन बागेत आलो, आणि पाहतो तो भिंतीवर बुटांचे ठसे. फूटपट्टी घेऊन सविस्तर पंचनामा केला. ठसे अकरा. शिवाय पंजे, कोपराचं घसटणं, आणि एके ठिकाणी हनुवटीचा असावा असा डाग. तो मी गणनेत धरलेला नाही.

पंचवीस वर्षं मी करकच्या मुलांना जुन्या भाषेचं व्याकरण शिकवतो आहे. त्यांनी फळ्यावर माझी चित्रं काढली, त्यांत कान नेहमी मोठे असतात, तेही मी सोसलं. परंतु माझ्या भिंतीवर पाय द्यायचं धाडस आजवर कुणाला झालं नव्हतं. ते माझ्याच घरात वाढलेल्या भाचीनं करावं, याला काय म्हणावं?

भिंतीपलीकडून शेजारच्या उम्म जाबिरनं मान वर काढली.

“उस्ताद, भिंतीवर नक्षी काढून घेतलीत वाटतं.”

“भाचीनं काढली.”

“अस्सं. ती अम्मानला चित्रकला शिकते होय? मला वाटलं पोलीस होते आहे.”

आणखी एक किरकोळ शंका. धुळीच्या वादळामुळे तुमची शारीरिक चाचणी पुढे ढकलली, असं तू आम्हाला सांगितलंस. तुझ्या आईचा विश्वास बसला. मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढून पाहिला. त्या आठवड्यात अम्मानमध्ये हवा स्वच्छ होती. पोलिसांसाठी वेगळी हवा असते का, ते कळव.

चुना आणायला मी जाणार नाही. येशील तेव्हा तूच लावशील.

तुझा मामा,
हमदान

---

अम्मान, १३ एप्रिल

प्रिय मामा,

सलाम. तो डाग हनुवटीचा नाही, नाकाचा आहे. पंचनामा दुरुस्त करून घ्या.

हे पत्र अबू गस्सानच्या बसनं पाठवते आहे. टपालाला पाच दिवस लागतात, त्याला अडीच तास, वाटेतला चहा धरून. तुम्हीही उत्तर त्याच्याच हाती द्या. वसतिगृहात फोन एकच आहे आणि तो वॉर्डनबाईंच्या खोलीत असतो. त्या खोलीतून बाहेर जातात, पण कान तिथंच ठेवून जातात.

वादळ झालं नव्हतं. तुम्ही वर्तमानपत्रं काढून बघाल हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मी नापास झाले, मामा. आईला सांगू नका. सगळं सांगते, पण मध्ये हसायचं नाही. आधी एक चौकट असते, तिच्यातून धावत आत जायचं. मग खांबांमधून नागमोडी पळायचं, जाळीखालून सरपटायचं, लाकडी ओंडक्यावरून तोल सांभाळत जायचं, मग भिंत, आणि शेवटी पासष्ट किलोचा पुतळा दहा मीटर ओढत न्यायचा. सगळं दोन मिनिटांत. भिंत एक मीटर साठची आहे, आपल्या भिंतीहून चारच बोटं उंच. तिच्यावर दोनदा प्रयत्न करता येतो. दोन्ही वेळा मी खाली घसरले आणि आमची भरतीची तयारी करून घेणाऱ्या सार्जंट इनामनं शिट्टी वाजवली.

पुतळ्याचं नाव आम्ही अबू कश ठेवलंय, म्हणजे पेंढ्याचा बाप. कुणीतरी त्याला मिशा रंगवल्या आहेत, आणि माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली. मी त्याला बाहीला धरून ओढत होते.

“नजूद, मागून काखेत हात घाल, आवळून धर.”

“सार्जंट, बाहीला धरून येतोय की.”

“बाहीला धरून त्याला लग्नाला नेते आहेस का? बेशुद्ध आहे तो. आणि पेंढ्याचा आहे, तुला मागणी घालणार नाही.”

दुसरी चाचणी वीस मे रोजी. तीच शेवटची, कारण दोन जूनला मला पंचवीस पूर्ण होतात आणि मग अर्जच घेत नाहीत. मग माझ्यासाठी काकांच्या औषधाच्या दुकानातला काउंटर आहे. तिथं लोक खोकत येतात आणि मी त्यांना बाटली देते. मामा, मला ते नकोय. मला काय हवंय ते मी सातवीत असताना तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हाही तुम्ही हसला होतात.

तुम्ही फूटपट्टी लावलीच आहे, तर ठसे किती उंचीवर आहेत ते कळवा. मला धावताना स्वतःचे पाय दिसत नाहीत.

नजूद

---

करक, १७ एप्रिल

चि. नजूद हिस आशीर्वाद.

मी हसलो नाही. मिशांपाशी थोडा हसलो.

नापास झाल्याचं वाईट वाटलं, लपवल्याचं त्याहून जास्त. वादळ आणायचं तर निदान नकाशात अम्मानच्या पूर्वेला तरी आणायचंस, तिकडे मी फारसा वाचत नाही. तुझ्या आईला काही बोललो नाही.

आता ठसे. सर्वांत वरचा जमिनीपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर, सर्वांत खालचा एकतीसवर. म्हणजे गुडघ्याच्या खाली. आमच्या व्यायामशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, धावत येऊन पाय कमरेच्या उंचीला टेकला तर धाव वरच्या दिशेला वळते. इतक्या खाली टेकला तर ती भिंतीला नुसती लाथ होते. भिंतीनं तुझं काय वाकडं केलं आहे? पाय वर गेला की हात वरच्या कडेवर टाकायचे, एक कोपर अडकवायचं, मग कंबर वर आणायची आणि पोटावर आडवं होऊन पलीकडे सरकायचं. वर बसून देखावा बघायचा नाही. ओंडक्यावर पायांकडे पाहू नकोस, त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहा. पुतळा कमरेनं उचलू नकोस, मांड्यांनी उचल. त्याच्या छातीपुढे आपल्याच हातानं आपलं मनगट पकड, आणि मागे बघत बसण्यापेक्षा लहान लहान पावलं टाकत मागे जा.

ऐकीव ज्ञानावर विसंबणं हा माझा स्वभाव नाही. म्हणून गुरुवारी दुपारी, शेजारीपाजारी झोपलेले असताना, अस्मादिकांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. पाय वर गेला. कोपर अडकलं. कंबरही वर आली. मग मात्र ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. भिंतीवर ओला कपडा वाळत घालावा तसा मी लोंबत होतो. आणि उम्म जाबिर झोपलेली नव्हती. भिंतीच्या पायथ्याशी बसून खुब्बेजाच्या भाजीची पानं खुडत होती.

“उस्ताद, येताय की जाताय?”

“विचार करतोय.”

“सावकाश करा. चहा वरच आणून देऊ?”

ठशांविषयी याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही.

काकांचं दुकान वाईट नाही, हे मात्र नमूद करतो. तिथं पंखा आहे. माणसं खोकतात हे खरं, पण खोकणारी माणसं सहसा कुणाच्या अंगावर धावून येत नाहीत. सोबत तुझ्या आईनं भरलेल्या वांग्यांची बरणी दिली आहे. अबू गस्सानला सांग, झाकण उघडलेलं मला कळतं.

तुझा मामा,
हमदान

---

अम्मान, २४ एप्रिल

प्रिय मामा,

तुम्ही भिंतीवर लोंबलात हे मी मुलींना वाचून दाखवलं. माफ करा, राहवलं नाही. आता इथं भिंतीवर कुणी अडकलं की सगळ्या ओरडतात, “उस्ताद, येताय की जाताय?” सार्जंट इनामनं हा उस्ताद कोण म्हणून चौकशी केली आहे. बरणीत दोन वांगी कमी होती.

तुमच्या शब्दाला गुण आला. ओंडक्यावरून आता मी खाली न बघता जाते. अबू कशला काल एकोणीस सेकंदांत रेषेपार नेला, मिशांकडे बघितलंसुद्धा नाही. जाळीखाली कंबर वर राहते अशी तक्रार होती, तीही गेली.

भिंत नाही. पाय उंच टाकायला शिकले, कमरेपर्यंत जातो. पण त्याआधीच काहीतरी होतं. जोरात धावत येते, आणि भिंतीच्या दोन पावलं अलीकडे माझी चाल मोडते. एक आखूड पाऊल मध्येच पडतं. मी टाकत नाही, ते पडतं. धाव तिथंच संपते आणि मग उभ्या माणसासारखी मी उडी मारते. सार्जंट म्हणाली, “तू भिंतीपुढे अशी थबकतेस, जसं काही आत कुणी नमाज पढतंय.” मी रोज वीसदा करून बघते. वीसदा थबकते. तळहात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं आहे.

ही भीती आहे का, मामा? मला भीती वाटत नाही. पण पायांना वाटत असेल तर मला कसं कळणार?

तुम्ही मुलांच्या वहीत चूक कुठून सुरू झाली ते मागे मागे जात शोधता. ही शोधून द्या. लवकर लिहा.

नजूद

---

अम्मान, ४ मे

प्रिय मामा,

दहा दिवस झाले. माझं पत्र तुम्हाला पोचलं, असं अबू गस्सान शपथेवर सांगतो. तो म्हणतो, उस्तादांनी उत्तर दिलेलं नाही.

वांग्यांवरून रागावलात का? की मी मुलींना वाचून दाखवलं म्हणून? तसं असेल तर रागवा, पण लिहून रागवा.

सोळा दिवस उरलेत. अजून थबकते.

नजूद

---

करक, ८ मे

चि. नजूद हिस आशीर्वाद.

उत्तराला विलंब झाला. परीक्षांचे दिवस आहेत, वह्यांचे ढीग आहेत, शिवाय अबू गस्सानची बस अलीकडे फार लवकर सुटते. असो.

चूक सापडली. ती तुझी नाही, माझी आहे.

भिंतीवरचे अकरा ठसे अकराच्या अकरा उजव्या बुटाचे आहेत. एकही डावा नाही. आता आठव. लहानपणी तू चेंडू डाव्या पायानं मारायचीस, अंगणातल्या पाटावरून उडी मारताना डावाच पाय पुढे टाकायचीस. तुझा जोराचा पाय डावा. मग भिंतीवर उजवा का?

तुझे वडील गेले आणि तू आईबरोबर आमच्याकडे राहायला आलीस, तेव्हा चार वर्षांची होतीस. पहिल्याच दिवशी डावा पाय आत टाकून घरात शिरलीस. मी तुला परत दाराबाहेर पाठवलं. घरात शिरायचं ते उजव्या पायानं, असं शिकवलं. तू पुन्हा डावा टाकलास. मी पुन्हा पाठवलं. त्या दिवशी सात वेळा तू उंबरठ्यापलीकडे गेलीस आणि सातव्यांदा, ओठ घट्ट मिटून, अलीकडे एक छोटं पाऊल टाकून पाय बदललास आणि उजवा आत ठेवलास. मी तुला खजूर दिला. माझ्या अध्यापनाचा हा एक दुर्मीळ विजय होता. वीस वर्षं तू प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडे तेच छोटं पाऊल टाकत आली आहेस. चौकट, ओंडका, भिंत, जे काही ओलांडायचं ते सगळं तुझ्या पायांना आमच्या घराचा उंबरठाच वाटतं.

ही भीती नाही. हे वळण आहे, आणि मी लावलेलं आहे.

आता उपाय. वळण मोडायला बारा दिवस पुरणार नाहीत, म्हणून ते मोडू नकोस. नुसती एक गोष्ट ध्यानात घे. उम्म जाबिरनं मला विचारलं, येताय की जाताय, तेव्हा मी तिला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर असं आहे, की भिंतीवरून माणूस जातो. येत नाही. आणि घरातून बाहेर जाताना कुठला पाय आधी टाकायचा, हेही मी तुला शिकवलं आहे. डावा.

भिंतीपासून मागे जाऊन जागा मोजून ठेव. पहिलं पाऊल उजवं टाकायचं. आठवं आपोआप डावं येतं, ते भिंतीवर, कमरेच्या उंचीला. मी आपल्या बागेत खडूनं खुणा करून मोजलं, तुझ्या ढांगेला सव्वासात मीटर लागतील. धावताना भिंतीला भिंत म्हणू नकोस. मनात म्हण, “निघाले.”

तुझा मामा,
हमदान

---

अम्मान, २१ मे

माझ्या लाडक्या मामा,

एक मिनिट एक्कावन्न सेकंद.

आईला मीच येऊन सांगणार आहे, तुम्ही तोंड मिटून ठेवा, तुम्हाला ते जमतं.

तुमचं पत्र वाचून मी मैदानावर गेले आणि सव्वासात मीटर मोजले. पहिल्या दिवशी पाय ऐकेनात. सहाव्या पावलाला ते छोटं पाऊल यायचंच. मी मोठ्यानं “निघाले, निघाले” म्हणत धावत होते. सार्जंट इनाम म्हणाली, “कुठं निघालीस, सांगून तरी जा.” चौथ्या दिवशी एकदा पाय आपणहून डावा पडला आणि मी इतकी वर गेले की पलीकडे उतरायचं विसरले. भिंतीवर बसून राहिले. सगळ्या खालून ओरडल्या, काय ते तुम्हाला माहीत आहे.

काल चौकटीतून उजव्यानं आत गेले. खांब, जाळी, ओंडका झाले. मग खूण नव्हती, चाचणीत खुणा पुसतात, पण तोवर डोळ्यांना जागा कळायला लागली होती. उजवा, डावा, उजवा, डावा. आठवा भिंतीवर. मामा, काही अडलंच नाही. आपल्या घराच्या दारातून बाहेर पडावं तसं. पलीकडे गुडघे वाकवून उतरले आणि अबू कशला मिठीत घेतला. सार्जंटनं घड्याळ दोनदा बघितलं. मग म्हणाली, “तुझ्या उस्तादांना माझा सलाम कळव. आणि त्यांना सांग, आमच्याकडे त्यांच्या वयाची भरती नाही.”

आता एक विचारते. काल आनंदात मी अबू गस्सानला विचारलं, मामांचं पत्र लवकर का नाही आणलंत? तो फार दुखावला. म्हणाला, “पोरी, बस माझी आहे, लिफाफा त्यांचा होता. पाच, सहा आणि सात तारखेला उस्ताद स्टँडवर आले. हातात लिफाफा. खिडकीपाशी उभे राहिले. हवा कशी आहे विचारलं. मी हात पुढे केला की लिफाफा खिशात घालायचे आणि घरी जायचे. आठ तारखेला मी गाडी चालू करूनच बसलो होतो, तेव्हा कुठं दिला.”

मला वाटतं तुम्हाला आकड्यांची खात्री नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन मोजत असणार. बरोबर ना? आकडे अगदी बरोबर होते. सव्वासात.

जूनमध्ये प्रशिक्षण सुरू होतं. त्याआधी येते, चुना लावायला.

नजूद

---

करक, २५ मे

चि. नजूद हिस अनेक अनेक आशीर्वाद.

एक मिनिट एक्कावन्न सेकंद हा आकडा मी उम्म जाबिरला सांगितला, कारण तू फक्त आईला सांगू नकोस म्हणाली होतीस. ती म्हणाली, “एवढ्यात मी पायात चप्पलसुद्धा घालत नाही.” संध्याकाळपर्यंत गल्लीत सर्वांना कळलं. तुझ्या आईलाही कळलं आहे. येशील तेव्हा तिला काही ठाऊक नाही अशा चेहऱ्यानं ती तुझं ऐकेल. ते ती परवापासून जमवून बघते आहे आणि मला रोज तालीम बघावी लागते. मन्सफच्या मटणासाठी जमीदचा, सुक्या दह्याचा, गोळा भिजवायला काढून ठेवला आहे. सार्जंट इनामना माझा सलाम, आणि त्यांना सांग की मी अर्ज केलेला नव्हता.

अबू गस्सान हा माणूस वांगी खातो, पण खोटं बोलत नाही.

आकड्यांची मला खात्री होती. बागेत एकदाच मोजलं, दुसऱ्यांदा मोजायची गरज पडली नाही. ठसे सगळे उजव्या बुटाचे आहेत हेही मला एप्रिलच्या आठ तारखेला, पहिल्यांदा फूटपट्टी लावली तेव्हाच दिसलं होतं. डाव्या पायाची मुलगी उजव्यानं का चढते, हे कळायला मला चहाचा एक पेलासुद्धा लागला नाही. सतराच्या पत्रात मी तुला उंची कळवली आणि पाय कळवला नाही. सांगण्यासारखं आणखी काही नाही, असं लिहिलं. ते खरं नव्हतं. मग तुझं सोललेल्या हातांचं पत्र आलं, तेही मी उशीखाली ठेवून दहा दिवस झोपलो, म्हणजे झोपलो नाही. दुकानातल्या पंख्याचं कौतुक मी कशासाठी करत होतो, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

तू नापास व्हावंस असं मला वाटत होतं. वेगळ्या शब्दांत लिहून पाहिलं, पण वेगळे शब्द सापडले नाहीत.

मग तुझं चार मेचं पत्र आलं. “लिहून रागवा.” त्यात रागावण्याजोगं काही नव्हतं. भीती आपल्या पायांत आहे असं तू समजून बसली होतीस, आणि ती तर इथं, माझ्या खिशात, लिफाफ्यात होती. तीन दिवस ती घेऊन मी स्टँडपर्यंत गेलो आणि हवेविषयी बोललो. चौथ्या दिवशी, तारीख नव्यानं घालून, दिली.

भिंत मी अजून पुसलेली नाही. तू चुना लावायला येशील, तेव्हा लाव किंवा लावू नकोस. माझ्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे, ऑलिव्हची चार झाडं आणि उम्म जाबिर. ज्या भिंतींवरून तुला आता पाठवतील त्यांच्यापलीकडे कोण उभं असेल, ते तुलाही आधी कळणार नाही आणि सार्जंट इनामलाही नाही. पेंढ्याचा माणूस हात उगारत नाही.

तू एखाद्या भिंतीवरून जाशील आणि परत घरी येणार नाहीस, याची मला भीती वाटते. बाकी सगळं ठीक आहे.

तुझा मामा,
हमदान